मास्टरचा वाटा

माझ्या भावासारखा कोट शिवणारा माणूस शोधून सापडायचा नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलेन ते ऐकून कुणी त्याला नावं ठेवायला नको. त्याला नावं ठेवायचा हक्क माझा एकटीचा आहे, कारण मी त्याची थोरली बहीण. आमच्या शिलाईच्या दुकानात तो कापड बेततो आणि मी गिऱ्हाइकं सांभाळते. त्याला सगळे मास्टर म्हणतात. मला सगळे आत्या म्हणतात, अगदी माझ्याहून म्हातारी गिऱ्हाइकंसुद्धा. भावाची पोरगी लहानपणी दुकानभर 'आत्या, आत्या' करत फिरायची, तेच नाव चिकटलं. त्या पोरीला आम्ही बारकी म्हणतो. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव पडलं ते पडलं.

तर मास्टर. दारू नाही, विडी नाही, कुणावर हात उगारणं नाही, आवाज चढवणं तर नाहीच. लोक म्हणतात, देवमाणूस. म्हणायला काय जातंय त्यांचं! देवमाणसाबरोबर राहून बघा म्हणावं. त्याच्या टेबलावर कात्री डावीकडेच हवी, खडू पांढऱ्यापासून निळ्यापर्यंत ओळीनं हवेत, आणि इंचपट्टी गुंडाळायची तर आकडे आतल्या बाजूला. तोडलेल्या दोऱ्याचं वीतभर टोकसुद्धा तो टाकत नाही, डब्यात ठेवतो, कधीतरी लागेल म्हणून. दुसऱ्यानं केलेलं काम त्याला पटत नाही आणि स्वतःचं केलेलं संपत नाही. माझ्या भावजयीनं घडी घातलेले कपडे तो उलगडून पुन्हा घडी घालायचा. तिनं पुसलेला ओटा पुन्हा पुसायचा. एक अक्षर बोलायचा नाही, नुसता पुसायचा. शेवटी ती बहिणीकडे राहायला गेली ती गेलीच. जाताना मला एवढंच म्हणाली, "या घरात माझ्या हाताला काही काम उरलेलं नाही." मी तिला थांबवलं नाही. काय तोंडानं थांबवणार होते?

आणि हे सगळं सांगून त्याला विचारा, बाबा रे, तुझं काही चुकतंय का? तो शांतपणे तुमच्याकडे बघेल. चुकतंय ते जगाचं. जग गबाळं आहे आणि तो एकटा डोळ्यांत तेल घालून बसलाय.

आता आमच्या दुकानातली एक गंमत सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रत्येक कपडा गिऱ्हाइकाला जायच्या आधी मास्टरच्या टेबलावर जातो. तो कपडा आतून बाहेरून चाचपतो. चूक सापडली की ती दुरुस्त करतो, कपडा झटकतो आणि म्हणतो, "जाऊ द्या." नाही सापडली तर मात्र पंचाईत. मग तो शोधतच बसतो. "दिसत नाही म्हणजे आत असणार," असं म्हणून उसवायचं छोटं पातं घेतो आणि चांगली शिवण उसवायला लागतो. एकदा एक व्हायोलिनवाला ट्रायलच्या आरशासमोर नुसत्या शर्टात उभा, त्याचा कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झालेली, आणि हा त्याच्या कोटाची बाही मोकळी करून बसलेला. तो माणूस दुसऱ्याच्या कोटात स्टेजवर गेला. मला जे बोलला ते मी इथे सांगत नाही.

यावर तोडगा काढला तो आमच्या इस्त्रीकाकांनी. काका आमच्या वडिलांच्या वेळेपासून इस्त्री करतात. त्यांच्या लक्षात आलं की एका कोटाचं बटण चुकून सैल राहिलं, मास्टरला ते पहिल्या झटक्यात सापडलं, आणि त्या दिवशी कोट टेबलावरून लगेच सुटला. झालं! तेव्हापासून आम्ही प्रत्येक कपड्यात मुद्दाम एक चूक ठेवायला लागलो. कुठे सैल बटण, कुठे कच्चा दोरा काढायचा राहिलेला, कुठे अस्तराचा एखादा टाका सुटलेला. त्याला आम्ही 'मास्टरचा वाटा' म्हणायचो. कपडा टेबलावर जायच्या आधी एकमेकांना विचारायचं, "वाटा ठेवलास का?" नवीन कारागीर आला की काज करायच्या आधी त्याला वाटा ठेवायला शिकवायचं. तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो. दुकान सुतासारखं सरळ चाललं होतं.

मग बारकीला नोकरी लागली. एका मोठ्या नाटक कंपनीच्या कपडेपटात, दुसऱ्या शहरात. पोरीच्या हातात कला आहे, हे मी आत्या म्हणून सांगत नाही. तिनं ते बापाला सांगितलं तेव्हा तो कॉलर कापत होता. कापून झाली, कात्री डावीकडे ठेवली आणि म्हणाला, "जा की. फक्त एक कोट असा शिवून दाखव, की मला उसवावा लागणार नाही. मग जा."

मी म्हटलं, "अरे, तिला कंपनीनं घेतलीये, तुझी परीक्षा कशाला मध्ये?"

"तिथे जाऊन माझं नाव सांगणार ना ती?" तो म्हणाला. विषय संपला.

बारकीनं करड्या लोकरीच्या कापडाचा कोट शिवला, स्वतःच्याच मापाचा. मास्टरनं बाही उसवली. दुसरा शिवला, त्याची कॉलर उसवली. तिसऱ्याचे खिसे. वाटा ठेवूनही भागेना, कारण परक्याच्या कपड्यात एक चूक सापडली की त्याचं पोट भरायचं, पोरीच्या कपड्यात भरत नव्हतं. मी तिला म्हटलं, "तू सज्ञान आहेस. पेटी उचल आणि चालू लाग. परवानगी कसली मागतेस?"

"परवानगी नकोय, आत्या," ती म्हणाली. "मला फक्त एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय की माझं काम बरं आहे. एवढंही नाही मिळणार का मला?"

माझा जीव तुटला. पण खरी धास्ती मला पुढे बसली. एका दुपारी दुकान रिकामं होतं, मी मागे गेले तर बारकी टेबलाशी पाठमोरी बसलेली. चौथा कोट समोर, आणि ती स्वतःच त्याची खांद्याची शिवण उसवत होती. मी शिवण बघितली. नमुना म्हणून भिंतीवर लावावी अशी शिवण. "अगं, काय करतेस हे?" मी ओरडले. ती दचकून म्हणाली, "दिसत नाहीये, म्हणजे आत असणार." तेच शब्द, तोच शांत आवाज. बापाचं ते बापाचं, म्हणून मी इतकी वर्षं सोडून दिलं होतं. पण हे पोरीत उतरलेलं बघून माझ्या पायाखालची जमीन सरकली.

मी तिला दरडावून विचारलं तेव्हा कळलं की तिला स्वतःलाच याची भीती वाटायला लागली होती, आणि ती बापाला न सांगता एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे जात होती. भाजीबाजारामागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर. मी म्हटलं, "पुढच्या वेळी मी येणार." नको म्हणायची तिची बिशाद नव्हती.

डॉक्टरीणबाई वयानं बारकीपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. खोलीत दोन खुर्च्या, एक बाक आणि खिडकीत कुंडी. मी बसल्याबसल्या मुद्द्यालाच हात घातला. "माझ्या भावाला काय झालंय ते सांगा आणि त्यावर गोळी द्या. चहात घालून देता येईल अशी असली तर बरं."

त्या हसल्या. "तुम्ही माप न घेता कपडा बेतता का?"

"छे!"

"मग मीही माणूस न बघता आजाराचं नाव घेत नाही. पण तुम्ही जे सांगाल त्यावरून अशा माणसांबद्दल काय माहीत आहे, ते सांगू शकते."

मी सांगितलं. मला सांगायला लागलं की थांबवणं अवघड. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या की काही माणसांचा स्वभावच त्यांच्या आणि घरच्यांच्या आड येतो, त्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. तापासारखा तो येतो आणि जातो असं नाही. तरुणपणापासून तो माणसाच्या वागण्यात मुरलेला असतो. त्याचे प्रकार आहेत. कुणी सगळ्या जगावर संशय घेतं. कुणी सकाळी तुम्हाला डोक्यावर घेतं आणि संध्याकाळी तुमचं तोंड बघत नाही. कुणाला सतत सगळ्यांचे डोळे आपल्यावर हवे असतात. आणि कुणाला सगळं नीट, नियमात, बिनचूक हवं असतं, इतकं की काम पूर्णच होत नाही आणि माणसं दूर जातात.

"मग अर्धं गाव आलं की यात!" मी म्हटलं.

"थोडं थोडं सगळ्यांत असतं," त्या म्हणाल्या. "कपडा जरा घट्ट असणं वेगळं, आणि त्यात श्वास घेता न येणं वेगळं."

हे मला लगेच कळलं. मी विचारलं, "म्हणजे सारखे हात धुणारी माणसं असतात, त्यातलंच हे?"

"नाही. त्या माणसाला स्वतःच्या विचारांचाच जाच होतो, हे थांबावं असं त्याला वाटत असतं. या माणसाला वाटतं, आपणच बरोबर. जाच होतो तो बहुतेक घरच्यांना. म्हणून तर तो डॉक्टरकडे येत नाही. घरचे येतात."

मी बारकीकडे बघितलं. ती नखं बघत बसली होती.

"हे येतं कुठून पण?" मी विचारलं.

"काही जन्मतःच स्वभावात असतं, काही घरातून येतं. तुमचे वडील कसे होते?"

आता वडिलांचं काय सांगायचं! तेही मास्टर. भाऊ लहान होता तेव्हा त्याला काज करायला बसवायचे, आणि काज झालं की न बोलता कापून टाकायचे. पुन्हा कर. पुन्हा कापायचे. बाकीची पोरं बाहेर खेळत असायची आणि हा खिडकीखाली बसून काजं करायचा. कधी 'शाबास' नाही, कधी 'बस झालं आता' नाही. ज्या दिवशी कापलं नाही, तो दिवस चांगला. एवढंच.

"आणि तुम्ही? तुम्ही पण त्याच घरात वाढलात."

"मला शिकवलंच नाही! मुलगी म्हणून काउंटरवर बसवली. आणि शिकवलं असतं तरी मी कुणाचं ऐकते होय?"

डॉक्टरीणबाई मोकळ्या हसल्या. "बघा. घर तेच, माणसं दोन. काही तुमच्या वाट्याला आलंच नाही, आणि काही तुम्ही वाट्याला येऊ दिलं नाही."

तिथपर्यंत आमचं छान जमलं होतं. मग मी त्यांना आमच्या वाट्याची युक्ती सांगितली, जरा ऐटीतच. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक सापडली की त्यांना थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं. मग पुढचा कपडा येतो, पुन्हा चूक लागते. तुम्ही ती रोज पुरवता. आणि या मुलीनं लहानपणापासून तुमच्या दुकानात काय बघितलं? की बिनचूक कपडा नसतोच. चूक नसेल तर ती करायची."

माझ्या टाळक्यातच तिडीक गेली. "वा, डॉक्टरीणबाई! आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! आम्ही ती युक्ती काढली नसती तर दुकानाला केव्हाच कुलूप लागलं असतं!" मी तरातरा उठले, जिना उतरले, खाली रस्त्यावर आले. बारकी मागून आली नाही. मी चष्म्याच्या दुकानाच्या काचेसमोर उभी राहून स्वतःशीच भांडले, आणि हरले. मग पुन्हा जिना चढले, खुर्चीत बसले आणि म्हटलं, "बरं. काय करायचं ते बोला."

"वाटा बंद करा," त्या म्हणाल्या. "सोपं जाणार नाही. त्यांना त्रास होईल, ते चिडतील किंवा शोधत बसतील. तुम्ही भांडू नका, आणि मदतही करू नका. ते इथे आले तर बोलण्यातून हळूहळू फरक पडतो. वेळ लागतो, पण पडतो. मात्र त्यांना ओढून आणू नका. ओढून आणलेलं माणूस फक्त खुर्चीत बसतं."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या कारागिरांना जमवलं आणि सांगितलं, बारकीच्या कोटापासून वाटा बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. इस्त्रीकाकांनीही डोलावली, पण खाली बघून.

बारकीनं चौथा कोट पुरा केला. ती तो शिवत असताना मी मागे स्टुलावर बसून राहिले, आणि तिचा हात पात्याकडे गेला की म्हणायचे, "बारके, बाहेर चहा घेऊन येऊ चल." चहा पिऊन पिऊन माझं पोट बिघडलं. पण कोट झाला. असा झाला की मी आरशासमोर तिला घालून बघितला आणि बोलायला शब्द सुचेना, आणि मला शब्द सुचत नाहीत असं सहसा होत नाही.

एक दिवस सोडून सकाळची तिची गाडी होती. तिनं कोट टेबलावर ठेवला. मशिनं थांबली. मास्टरनं चष्मा पुसला, कोट उलटा केला आणि हात फिरवायला लागला. अस्तराच्या खालच्या कडेशी बोट थांबलं.

"काका," तो वर न बघता म्हणाला, "हे तुमचं काम. नखानं टाका उचकटलाय. पोरगी असं सोडत नाही."

इस्त्रीकाकांचं तोंड उतरलं. "मास्टर, मला वाटलं... निदान पोरीचा कोट तरी वाचेल."

"मला माहीत आहे तुम्ही ठेवता ते."

मी ताडकन उठले. "माहीत आहे? केव्हापासून?"

"पहिल्यापासून. माझ्या दुकानातला कुणाचा टाका मला ओळखू येत नाही, ताई?"

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "बोललो असतो तर तुम्ही ठेवणं बंद केलं असतं."

इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, आम्ही त्याला गंडवतोय. तो तर रोज आमच्या हाताकडे आशेनं बघत होता! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जाच बहुतेक घरच्यांना होतो. बहुतेक. माझ्या भावाच्या वाट्याला किती आला होता, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानं तो टाका घातला, दोरा तोडला आणि पुन्हा कोटावर हात फिरवायला लागला. बाही, कॉलर, खिसे, काजं. एकदा आतून, एकदा बाहेरून, मग उजेडात धरून. काही नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. पुन्हा आतून. "असेल कुठेतरी," तो पुटपुटला. "असणारच." आणि त्यानं पातं उचलून खांद्याच्या शिवणीवर टेकवलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बारकी पुढे झाली. तिनं पात्याखालून कोट अलगद काढून घेतला. भांडली नाही, रडली नाही. दोन्ही हात बाह्यांत घातले, बटणं लावली आणि बापासमोर सरळ उभी राहिली.

"असेल, बाबा," ती म्हणाली. "एखादी चूक असेलही. मी हाच घालून जाणार आहे."

मास्टरचा हात तसाच हवेत राहिला, पात्यासकट. टेबलावर काही नव्हतं, तरी तो हात खाली येईना. त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. मग मान वळवून, माझ्याकडे नाही, पोरीकडे बघून म्हणाला, "मला थांबता येत नाही गं."

माझा भाऊ हे बोलला. वडिलांच्या हाताखाली जो कधी हूं की चूं बोलला नाही, बायको गेली तेव्हा ज्यानं फक्त तिचं कपाट पुन्हा लावलं, तो. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलं नाही, वाहू दिलं.

बारकीनं त्याच्या बोटांतून पातं सोडवून घेतलं आणि त्याचा हात आपल्या हातात ठेवला. "मलाही येत नव्हतं, बाबा. मी एका ठिकाणी जाते. सांगू कुठे?"

मला वाटलं, आता हात सोडवून घेईल, खडू ओळीत लावेल, आणि संपलं. माझ्या जिभेवर ओरडा आला होता, चल म्हणून, ऊठ म्हणून. ओढून आणू नका, ते आठवलं आणि मी जीभ आवरली. आयुष्यात पहिल्यांदाच, असं काका नंतर सगळ्यांना सांगत फिरले.

"लांब आहे का?" मास्टरनं विचारलं.

"नाही. भाजीबाजाराच्या मागे."

"तिथे काय करतात?"

"बसायचं आणि बोलायचं. एवढंच."

"मला बोलता येत नाही."

"तिथे कुणी उसवत नाही, बाबा."

त्यानं मान खाली घातली. बराच वेळ पोरीच्या कोटाच्या बाहीवर अंगठा फिरवत राहिला, पण चूक शोधणारा तो अंगठा नव्हता. तो मी चांगला ओळखते. मग म्हणाला, "उद्याच चल माझ्याबरोबर. परवा तू जाशील, मग मला कोण नेणार?"

परवा तू जाशील. किती सहज बोलून गेला! त्याच्या ध्यानातही आलं नाही काय बोलला ते. बारकीच्या मात्र आलं. तिनं तोंडावर हात धरला आणि तिथेच, चार मशिनांच्या मधोमध, त्या नव्याकोऱ्या कोटात ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली, आणि मास्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.